बाबांचा दगडांचा संग्रह लिलावात द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार सर. माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते, कालवा असो की विहीर, जिथे सुरुंग लागायचा तिथून काहीतरी चमकणारं घरी यायचं. मागच्या वर्षी ते गेले. कपाटात चारशेच्या आसपास नग आहेत, बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून, प्रत्येकाखाली त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. दोन उल्का पण आहेत, एक विकत घेतलेली लोखंडी, चिठ्ठीवर ‘काम्पो देल सिएलो’, आणि एक काळा दगड ज्यावर फक्त ‘काटोल 2012’. भाऊ म्हणतो सगळं स्वच्छ धुऊन फोटो काढू आणि परदेशातल्या लिलावाला देऊ. एका डीलरने सगळ्याची मिळून एकच रक्कम सांगितलीये. काय करावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा, एकही दगड धुऊ नका आणि एकही चिठ्ठी जागची हलवू नका. माझ्या ओळखीतल्या एका घरात दिवाळीच्या साफसफाईत दगड बादलीत गेले आणि चिठ्ठ्या केरात, नंतर तो अख्खा संग्रह अक्षरशः किलोवर गेला, मला ते आजही आठवलं की वाईट वाटतं.

आपल्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमधले स्टिलबाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट हे स्फटिक जगभरातले संग्राहक ओळखतात, पण ‘महाराष्ट्र’ एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही, कुठलं गाव, कुठली खाण, कुठली विहीर हे त्यांना लागतं. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहिरीत निघालेलं हिरवं अपोफिलाइट किंवा वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हान्साइट (कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून ते नाव झालंय) हे गावाच्या नावासकट विकलं जातं. आणि विहीर एकदाच खणतात हो, मग तिच्यात पाणी भरतं, तिथला दुसरा नग कोणी आणू शकत नाही. म्हणून बाबांच्या अक्षरातला तो चार ओळींचा कागद म्हणजे निम्मा माल आहे असं समजा.

तर प्रत्येक नगाचा चिठ्ठीसकट फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा, नंबर द्या, वहीत लिहा. धूळ मऊ ब्रशने, तीही हलक्या हाताने. ॲसिडचं नाव काढू नका, कॅल्साइट विरघळतं आणि झिओलाइटही (स्टिलबाइट, स्कोलेसाइट याच गटातले) खराब होतात. जांभळी ॲमेथिस्ट उन्हात ठेवू नका, रंग उडतो. एखाद्या डब्यात स्फटिकाच्या जागी पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ते बहुतेक लोमोंटाइट नावाचं खनिज असेल, हवेत त्यातलं पाणी उडतं आणि ते भुगा होतं. त्याचीही चिठ्ठी राहू द्या.

डीलरला आत्ताच हो म्हणू नका. चारशेपैकी लिलावात शोभतील असे वीस-तीसच निघतील, कडा न तुटलेले, आणि त्या एका रकमेत नेमके तेच फुकटात जातात. सिन्नरचं गारगोटी म्युझियम एकदा बघून या, चांगला नग कसा दिसतो हे डोळ्यात बसेल. लिलाव कंपनीला कमिशन किती, विमा आणि पाठवणीचा खर्च कोणाचा, आणि ज्याच्या खाली विकायचं नाही तो रिझर्व्ह भाव किती, हे तिन्ही लेखी घ्या. बाकीचे नग कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला द्यायचा विचार नक्की करा, पोरांना हातात घ्यायला खरे नमुने मिळतील.

आता उल्का. काम्पो देल सिएलो अर्जेंटिनातली, बाजारात भरपूर फिरते, त्यामुळे फार मोठ्या आकड्याची आशा नको. पण 2007 पासून तिथल्या कायद्याने उल्का सांस्कृतिक ठेवा ठरल्यात, म्हणून बाबांचं जुनं बिल शोधाच. तोवर ती सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा, गंज वाढतो. कागद किती महत्त्वाचे बघा, 16 जुलै 2025 ला न्यूयॉर्कला सदबीज या लिलाव कंपनीत मंगळावरून आलेली 24.67 किलोची उल्का सगळे चार्जेस धरून सुमारे 53 लाख डॉलरला गेली, आणि मागोमाग नायजर सरकारने विचारलं की ही आमच्या देशातून बाहेर गेलीच कशी.

काटोलच्या दगडाचं मात्र वेगळं आहे, तो लिलावाच्या यादीत घालूच नका. 22 मे 2012 ला दुपारी काटोलच्या आसपास खरंच उल्का पडल्या होत्या, म्हणजे चिठ्ठी खरी असू शकते. पातळ काळी साल आहे का, साल उडालेल्या जागी बारीक धातूचे ठिपके चमकतात का बघा, बुडबुड्यांची भोकं असतील तर बहुतेक भट्टीची मळी. नुसत्या लोहचुंबकावर जाऊ नका, आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्टही थोडा ओढला जातो. तोडू नका, घासू नका, चिठ्ठीसकट नागपूरला जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) ऑफिसात दाखवा, देशात पडलेल्या उल्का जतन करायचं काम त्यांच्याकडे आहे. खरा निघाला तर बाबांनी तो कुठल्या शेतातून, कोणाकडून आणला हे ते विचारतील, तेव्हा बाबांच्या जुन्या डायऱ्या आणि त्यांचे बरोबरचे लोक, दोन्ही आत्ताच गाठा.