गोवंडीतला प्रश्न घेऊन ब्रिटनला जावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीडीएस झालंय, पण दवाखाना न टाकता गोवंडीत टीबीच्या प्रकल्पावर काम करतेस. इम्प्लिमेंटेशन रिसर्चचा, म्हणजे सिद्ध झालेला उपाय लोकांपर्यंत प्रत्यक्षात कसा पोचवायचा याचा, अभ्यास कसा आखायचा हे नीट शिकायचंय. त्यासाठी ब्रिटनला एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायला जावं का, पाच वर्षांच्या मुलाचं काय करायचं, आणि तिकडे करमतं का? ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते. मी २०१७ मध्ये जवळजवळ याच कारणासाठी दादर सोडलं. आता लीड्सला असते. तुझा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून उत्तर लांबणार आहे.

फी, आयईएलटीएस, बँकेत किती पैसे किती दिवस दाखवायचे, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे. ते सोडते.

आधी विषयाचं बोलू, कारण त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. तुझ्याच कामातलं उदाहरण घे. घरात एकाला टीबी निघाला, तर बाकीच्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं. माझ्या वेळी ते अगदी लहान मुलांपुरतं होतं, रोज आयसोनियाझिड, सहा महिने. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनंतर घरातल्या मोठ्यांनाही ते लागू झालं, आणि आठवड्यातून एकदा असे १२ डोस हाही पर्याय आला. औषध काम करतं, त्यावर आता वाद नाही. पण शिवाजीनगरच्या गल्लीत जरीच्या कारखान्यात बसणारा पोरगा तुला विचारतो, ‘मला काय झालंय? मी कशाला गोळ्या घेऊ?’ आणि तुझी आरोग्यसेविका दुपारी बाराला जाते तेव्हा त्या घरात फक्त म्हातारी असते. औषधाच्या चाचणीत न येणारे हे प्रश्न घेऊनच आपलं शास्त्र उभं आहे.

आराखड्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो उपायाच्या वर्णनात. बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात ‘सेविकांना प्रशिक्षण देऊ, कुटुंबांचं समुपदेशन करू’ असं एक वाक्य असतं. माझ्या मार्गदर्शक बाई त्या वाक्यावर तासभर बसवायच्या. कोण बोलणार? नक्की काय करणार? कुणाशी? औषध सुरू करायच्या आधी की नंतर? किती वेळा, किती मिनिटं? आणि त्यानं कुणाचं वागणं बदलेल असं तुला का वाटतं? या विषयातल्या संशोधक प्रॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही प्रश्नावली व्यवस्थित मांडली आहे. त्याआधी, २०११ मध्ये, त्यांनीच मोजायच्या आठ गोष्टी सांगितल्या होत्या: लोकांना उपाय पटतो का, योग्य वाटतो का, यंत्रणा तो हाती घेते का, जमण्यासारखा आहे का, ठरल्याप्रमाणे होतो का, खर्च किती, किती जणांपर्यंत पोचतो, आणि पुढे टिकतो का. आठही मोजायला जाऊ नकोस. तुझ्या प्रश्नाला लागतात त्या दोनतीन घे आणि त्या मात्र काटेकोर मोज.

कुठल्या प्रकारचा अभ्यास, हेही त्यातूनच ठरतं. करन वगैरे संशोधकांनी २०१२ मध्ये हायब्रिड, म्हणजे उपचाराचा परिणाम आणि अंमलबजावणी एकत्र तपासणाऱ्या, आराखड्यांचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात मुख्य प्रश्न उपचाराच्या परिणामाचा असतो आणि अंमलबजावणीची माहिती जोडीनं गोळा होते. दुसऱ्यात दोन्ही बरोबरीनं. तिसऱ्यात अंमलबजावणीची पद्धत तपासायची आणि रुग्णांचं काय झालं त्यावर फक्त लक्ष ठेवायचं. तुझं औषध सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे तू तिसऱ्याकडे झुकशील. निधी देणारे तुला पहिल्याकडे ओढतील. ठाम राहा.

स्टेप्ड वेजबद्दल तू विचारलं आहेस, म्हणजे सगळ्या हेल्थ पोस्टना (महापालिकेच्या वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रांना) उपाय मिळणारच, पण कुणाला आधी, कुणाला नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. गॅम्बियात १९८६ पासून हिपॅटायटिस बीची लस अशीच टप्प्याटप्प्यानं दिली गेली. महापालिकेच्या अधिकाऱ्यांना हा आराखडा आवडतो, कारण ‘आमच्या वॉर्डाला का नाही’ हा तंटा होत नाही. पण मुंबईचं कॅलेंडर डोळ्यासमोर ठेव. मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला जाते. पावसाळ्यात सेविका मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या मागे धावतात. पल्स पोलिओ आणि निवडणुका आल्या की हेल्थ पोस्ट रिकामं. एखाद्या हेल्थ पोस्टची पाळी नेमकी मेमध्ये आली तर आकडे पडतील, आणि उपाय वाईट होता की लोक गावाला होते, हे कुणालाच सांगता येणार नाही. वेळेचा परिणाम विश्लेषणात वेगळा काढता येतो, पण त्यासाठी टप्पे पुरेसे हवेत आणि सुरुवातीची काही महिन्यांची नोंद हवी. लीड्सच्या ग्रंथालयात बसलेल्या माणसाला मे महिन्याचं सुचत नाही. तुला सुचेल.

मी मुंबईत असताना एका सेविकेबरोबर फिरत होते. प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं: घरभेट, गोळ्या मोजणे, कार्डावर सही. या बाई एका घराच्या दारात कधीच जायच्या नाहीत. त्या घरातल्या सुनेला सार्वजनिक नळावर गाठायच्या, भाजीच्या पिशवीतून मुलाच्या गोळ्यांची पाकिटं द्यायच्या, रिकामी परत घ्यायच्या. कारण त्या गल्लीत टीबीचं काम करणारी बाई दारात उभी राहिली की शेजारी मुलांना त्या घरी खेळायला पाठवायचे नाहीत. मुलानं औषध पूर्ण केलं. आमच्या फॉर्ममध्ये मात्र घरभेटीच्या रकान्यात सहा महिने ‘नाही’ असंच होतं. आता हे काम ठरल्याप्रमाणे झालं की नाही? उपायाचा गाभा कोणता आणि जागेप्रमाणे बदलता येईल असा भाग कोणता, हे आधी लिहून ठेवायचं असतं. मी वर्गात हे शिकले तेव्हा त्या बाई नळापाशी उभ्या असलेल्या दिसत होत्या. त्यांचं नाव कुठल्याच शोधनिबंधात नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि एकदा वर्गात पडद्यावर गडचिरोली आलं. तिथल्या ‘सर्च’ संस्थेच्या बंग दाम्पत्याचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास, ३९ गावं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९९. देशभरातल्या आशा सेविकांनी घरी जाऊन बाळ तपासायचं अशा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या २०११ मध्ये. मधल्या बारा वर्षांचं काय, यावर चर्चा चालली होती. मलावी, नेपाळ, सिएरा लिओनची मंडळी हिरिरीनं बोलत होती, आणि मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. आपल्या राज्यातलं काम मी इतक्या लांब येऊन इतक्या बारकाईनं वाचत होते.

मग यासाठी ब्रिटनच हवं का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेतल्या टीडीआर या संशोधन कार्यक्रमाचा इम्प्लिमेंटेशन रिसर्चचा अभ्यासक्रम घरबसल्या फुकट करता येतो. सॉर्ट-इट नावाचं ऑपरेशनल रिसर्चचं प्रशिक्षण आहे, त्यात स्वतःच्या प्रकल्पाच्या नोंदी घेऊन जायचं आणि शोधनिबंध लिहूनच बाहेर पडायचं. तिरुवनंतपुरमला सार्वजनिक आरोग्य शिकवणारं अच्युत मेनन सेंटर आहे. बाहेर मला जे मिळालं ते म्हणजे वर्षभर फक्त विचार करायची मुभा, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारणारी माणसं. मुंबईत लोकल पकडून फिल्डवर आणि रात्री अहवाल, यात ती मुभा मिळत नाही. तुझ्याकडे प्रश्न पक्का असेल तर ते वर्ष सोनं आहे. प्रश्न तिकडे जाऊन शोधू म्हणालीस, तर ते संपलेलं कळणारही नाही.

आता कागदपत्रं. नाव आजच नीट कर. माझी पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या, आणि गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. तिकडच्या प्रवेश कार्यालयानं आडनाव हेच माझं नाव धरलं, मग तेच विम्यावर गेलं, तेच बँकेत. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, सगळं हाताशी ठेव. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या खिडकीवर मला जे बोलणं ऐकावं लागलं ते लिहीत नाही, पण पाकीट सीलबंद हवं म्हटल्यावर ते माझ्यासमोर फाडून ‘आता करा सील’ म्हणणारा माणूस मी विसरलेले नाही. आणि व्हिसासाठी तुझी टीबीची तपासणी होणार. छातीचा एक्स-रे काढून बाकावर बसले, तेव्हा निकालाच्या त्या तासाभरात मला माझे सगळे रुग्ण आठवले. त्यांना आपण किती सहज म्हणतो, ‘फक्त एक्स-रे आहे.’

मुलाचं. जानेवारी २०२४ पासून एमपीएचसारख्या शिकवण्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुटुंब नेता येत नाही, संशोधनाच्या पदवीला नेता येतं, हे तू वाचलंच असशील. माझ्या वेळी नेता यायचं. नवरा आणि मुलगी मागाहून जानेवारीत आले. मुलगी दादरला मराठी माध्यमात तिसरीत होती, वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणारी, तिसापर्यंत पाढे पाठ. इकडे वर्ष मध्यावर आलेलं, जवळच्या शाळा भरलेल्या, कौन्सिलनं (इकडच्या नगरपालिकेनं) दोन बस बदलून जायची शाळा दिली. तिथे इंग्रजी येत नाही म्हणून तिला सगळ्यात मागच्या टेबलावर बसवलं आणि गणिताच्या तासाला रंगीत ठोकळे मोजायला दिले. ती मोजत राहिली. पालकसभेला दहा मिनिटं मिळाली, त्यात शिक्षिकेनं प्रेमानं सांगितलं की फार शांत मुलगी आहे. घरी येऊन मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. माझ्या मुलीला कुणी कधी शांत म्हटलं नव्हतं.

नंतर मी त्या शाळेचं धोरण वाचलं. नव्यानं आलेल्या मुलांचं मातृभाषेतलं शिक्षण आधी तपासावं, विषयातली पातळी आणि भाषेची पातळी वेगळी धरावी, असं सगळं त्यात लिहिलेलं. उत्तम धोरण होतं. ते मागच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. मी दिवसभर ज्या गोष्टीचा अभ्यास करत होते, तीच माझ्या लेकीच्या वाट्याला आली होती, आणि मला शाळेत जाऊन ते नीट मांडता येत नव्हतं, कारण मीही नवीन, माझंही इंग्रजी भांडण्याएवढं सराईत नव्हतं. आता ती कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे, छान बोलते. तरी तो राग गेलेला नाही. तू मुलाला आजीकडे ठेवून वर्षभर एकटी जायचं ठरवलंस, तर तुला नावं ठेवणारे खूप भेटतील. मी त्यांच्यात नसेन. नेता येईल अशा वाटेनं गेलीस, तर सप्टेंबरला शाळा सुरू व्हायच्या आधी ने आणि पहिल्याच आठवड्यात शाळेत त्याची मुंबईतली वही घेऊन जा.

करमतं का? नाही करमत. रविवारी दुपारी विशेष. मंडळाचा गणपती, लीड्समधल्या हेअरहिल्सला मिळणारी मेथी, रोजचा व्हिडिओ कॉल, यानं भागतं. त्यावर निर्णय घेऊ नकोस.

निर्णय घे तो परतण्याबद्दल. मी दोन वर्षांत परत यायची होते. मग नोकरी, मग मुलीची शाळा सावरली म्हणून थांबलो, मग कोविड. आज मी गोवंडीसारख्याच वस्त्यांवरचे अभ्यास आखते, उत्तम सहकाऱ्यांसोबत, आणि माझं काम चांगलं आहे हे मला ठाऊक आहे. पण फिल्डवरच्या नोंदी माझ्याकडे तक्त्यात येतात. एखाद्या महिन्यात आकडा पडला की मला मुंबईत फोन करून विचारावं लागतं, काय झालं? पूर्वी मला ते गल्लीत शिरताच कळायचं. हे मी कुणाशी फारसं बोलत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

अर्जाला हात लावण्याआधी एक पान लिही: कोण, काय, कुणासाठी, कधी, किती वेळा, आणि काय मोजणार. ते आधी तुझ्या हेल्थ पोस्टच्या सेविकांना वाचून दाखव आणि त्या जिथे हसतील तिथे खूण कर. मग मला पाठव. मार्चअखेरीपर्यंत पाठवलंस तर निवांत वाचेन, पुढे वार्षिक अहवाल सुरू होतात.