निकेलचा पिलर (दाबून बघायचा सूक्ष्म खांब) जितका लहान करतो तितका मजबूत येतो, शिवाय किती स्ट्रेसला किती दबला या आलेखात पायऱ्या दिसतात. प्रयोग चुकतोय का? डेटा स्मूद करू का?

स्मूद अजिबात करू नका. मजबुतीचं आधी उरकते.

लहान पिलर मजबूत येणं ही चूक नाही. उचिक, डिमिडुक, फ्लोरँडो आणि निक्स यांनी 2004 मध्ये ‘सायन्स’मध्ये निकेलचेच पिलर दाबून हे दाखवलं. काही मायक्रॉनच्या पिलरमध्ये डिसलोकेशनचे (स्फटिकाच्या रचनेतल्या, सरकू शकणाऱ्या रेषेसारख्या दोषांचे) स्रोत मोजके आणि तोकडे उरतात. ते चालू करायला जास्त स्ट्रेस लागतो. बाकी तपशील पेपरात आहेत.

आता पायऱ्या. आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांची ठाम समजूत होती की धातूचा आलेख गुळगुळीतच असतो, पायरी दिसली म्हणजे मशीन हललं. माझ्या प्रत्येक आलेखावर ते मूव्हिंग ॲव्हरेज चालवायला लावायचे. ‘टेबल बघ, पंप बघ’ ऐकून कान किटले. दोन्ही बघितले, पायऱ्या तशाच. मग काही पिलरवर पहिली मोठी उडी आल्याबरोबर चाचणी थांबवली आणि काहींवर उडी येण्याआधीच. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पहिल्यांच्या अंगावर तिरका, ठसठशीत स्लिपचा, म्हणजे स्फटिकाचे थर एकमेकांवर घसरल्याचा, पट्टा होता, तोही ईबीएसडीवरून (स्फटिकाची दिशा मोजणाऱ्या तंत्रावरून) काढलेल्या 111 प्रतलाच्या, म्हणजे निकेल ज्यावर घसरतं त्या प्रतलाच्या, कोनात. दुसरे कोरे. यावर ते म्हणाले, ‘योगायोग.’ आणि अहवालात आलेख स्मूद करूनच गेला! तो आजही तसाच आहे.

बहुतेक इंडेंटर, म्हणजे पिलर दाबणारी मशीनं, ठरवलेल्या लोडवर चालतात. स्लिप झाली की लोड तोच राहतो आणि पंच (दाबणारं सपाट टोक) खाली पळतो, म्हणून पायरी आडवी दिसते. डिस्प्लेसमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे लोडऐवजी पंचाची हालचाल ठरवून दिली तर, त्याच घटनेला लोड कोसळतो. म्हणजे पायरीचा आकार मशीन ठरवतं, पण घटना स्फटिकाचीच. मूव्हिंग ॲव्हरेजने तुम्ही नेमकी तीच पुसता, आणि मग त्या गुळगुळीत रेषेवर 0.2 टक्क्यांची यील्ड (कायमचं वाकणं सुरू होण्याचा ठरीव स्ट्रेस) काढता, जिला पिलरमध्ये काही अर्थ नाही. पहिल्या मोठ्या उडीचा स्ट्रेस घ्या, श्मिड फॅक्टरने (त्यातला किती भाग घसरण्याच्या दिशेत लागतो ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणा, तो आकडा द्या.

हो, खरा नॉइजही असतो. फ्यूज्ड सिलिकावर तेवढाच लोड देऊन बघा; ती काच आहे, स्फटिक नाही, त्यामुळे तिच्यात अशी स्लिप नसते. तिथेही पायऱ्या आल्या तर मशीनच दोषी. पिलर निमुळता असेल तर खोटं हार्डनिंग (दाबत गेल्यावर कडक होत जाणं) दिसतं, पंच तिरका टेकला तर सुरुवातीचा उतार बिघडतो. पिलर कोरणाऱ्या एफआयबीचं, म्हणजे आयन किरणाचं, गॅलियमही पृष्ठभागात डिफेक्ट घालतं. मघाशी मी लहान म्हणजे मजबूत म्हटलं, तेही सरसकट नाही. मिश्रधातूतले मॉलिब्डेनमचे तंतू एफआयबीविना, एचिंगने (भोवतालचा धातू रसायनाने विरघळवून) उघडे करून दाबले, तर ते व्यास काहीही असो जवळपास सैद्धांतिक ताकदीपर्यंत टिकले, कारण आत डिसलोकेशनच नव्हती.

गाइड तरीही स्मूद करा म्हणाले, तर पेपरच्या पुरवणीत कच्चा डेटा सॅम्पलिंग रेटसकट टाका. आणि उडीआधी थांबवलेल्या पिलरचे फोटोही, वाद घालणाऱ्याला तेवढे पुरतात. माझ्या ज्येष्ठांना पुरले नाहीत ती गोष्ट वेगळी.