कुंपणालगत धावता बांबू लावू का? : लावण्याआधी कुंडी उलटी करून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नवीन घर घेतलंय, शेजाऱ्यांच्या डेकवरून तुमचं स्वयंपाकघर सरळ दिसतं, आणि नर्सरीवाला म्हणतो हा बांबू लावा, तीन-चार वर्षांत हिरवी भिंत होईल. भिंत होते, त्यात खोटं काही नाही. फक्त ती तुमच्याच आवारात राहील असं तो म्हणालेला नाही.

मी सिंधुदुर्गातला. घरामागे माणग्याचं बेट होतं, माझ्या लहानपणी ज्या दगडापाशी होतं तिथेच ते आजही आहे. त्यामुळे बांबू जागा सोडत नाही ही माझी पक्की समजूत. माणगा काय, कळक काय, आपल्याकडचे हे बांबू बेट करून राहतात. कंद आखूड आणि जाड, नवी काठी जुनीला खेटून येते. इथे अमेरिकेत नर्सरीत मिळतो तो बहुतेक वेळा फायलोस्टॅकिस, म्हणजे धावता बांबू. त्याचा कंद बोटाएवढा जाड, दोरीसारखा लांब, जमिनीखाली वीतभर खोलीवरून पळत सुटतो. आणि त्याच्या पेरापेराला डोळा असतो.

मी लावला तेव्हा पहिली दोन वर्षं तो मख्ख उभा होता. मीच येडा, रोज पाणी, वर खत. चौथ्या वर्षी मे महिन्यात शेजाऱ्याच्या लॉनमध्ये, कुंपणापासून दहा-बारा फुटांवर कोंब निघाले. एक तर आमच्याच ड्राइव्हवेतून वर आला. डांबर पापडासारखं फुगलं होतं, फुगवट्याला चीर आणि चिरेतून तपकिरी टोक. शेजारी भला माणूस, पण लॉनमोवरने कापलेले टोकदार खुंट त्याच्या मुलाच्या पायात घुसले तेव्हा मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

आधी जात ओळखा. फांद्या फुटतात त्याच्या वरच्या पेरावरून बोट फिरवा, पन्हळ लागली तर फायलोस्टॅकिस. काठी हिरवी आणि पन्हळ पिवळी असेल तर बहुधा ऑरिओसल्काटा. बुडाशी पेरं एकमेकांवर दाटून बसलेली असतील तर ऑरिया. या दोन्ही जाती विकायला न्यूयॉर्क राज्यात बंदी आहे. कनेक्टिकटमध्ये १ ऑक्टोबर २०१३ पासून लावलेला धावता बांबू हद्दीबाहेर गेला तर नुकसान लावणाऱ्याच्या डोक्यावर. न्यू जर्सीत बऱ्याच टाउनशिपचे आपापले नियम आहेत, तेव्हा रोप घेण्याआधी तुमच्या टाउनशिपच्या ऑफिसात विचारा.

तरीही लावायचाच असेल तर बॅरिअरला, म्हणजे बांबूभोवती जमिनीत उभ्या पुरलेल्या अडथळ्याला, पर्याय नाही. ६० मिल जाडीचं, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचं एचडीपीई प्लास्टिक, ३० इंच रुंदीचं. चर खणण्याआधी ८११ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइन फुकट आखून देतात. प्लास्टिकची वरची कड बांबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली हवी आणि जमिनीच्या वर दोन इंच दिसली पाहिजे. लोक नेमकी हीच कड मल्चखाली (झाडाच्या बुडाशी पसरतात त्या लाकडाच्या भुश्याखाली) झाकून टाकतात, दिसायला बरं म्हणून! बॅरिअर कंदाला थांबवत नाही, वर वळवतो. वळलेला कंद कड ओलांडताना दिसला तर तुम्ही कापणार. म्हणून दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास कात्री घेऊन कडेकडेने एक फेरी आलीच. भारतात सुट्टीला जायचंय, पाठ धरलीय, काही चालत नाही. हे दहा वर्षं जमेल का, ते स्वतःलाच विचारा. घर विकलंत तर पुढच्याला जमेल का, तेही.

मला विचाराल तर फार्जेसिया रूफा घ्या. थंडी सोसतो आणि आपल्या माणग्यासारखा बेट करतो. मात्र उंची सहा-आठ फूट, वाढ सावकाश, दुपारच्या कडक उन्हात पानं सुरळ्या करून बसतो. डेक उंच असेल तर तो पुरणार नाही. मग बांबूचा नाद सोडून आर्बर्व्हायटी हे कुंपणाला लावतात ते सदाहरित झाड लावा. त्यातही 'ग्रीन जायंट', कारण 'एमराल्ड ग्रीन' हरणं ओरपून खातात.

माझा बांबू काढायला तीन उन्हाळे गेले. औषध मारलं नाही. सगळ्या काठ्या जमिनीलगत कापल्या, पुन्हा आलं की पानं फुटायच्या आत पुन्हा कापलं. पानंच नाहीत तर कंदाला खायला कोण घालणार? पहिल्या वर्षीचे कोवळे कोंब सोलून, उकळून, पाणी ओतून देऊन चण्याच्या डाळीत भाजी केली. बायको म्हणाली, एवढ्या मनस्तापाचं हे एवढंच वसूल झालं. कोकणात कोंब पावसाळ्यात खायचे, इथे ते एप्रिल-मेमध्ये, एवढाच काय तो फरक.

तुमचं रोप अजून कुंडीत आहे ना? उचलून बुडाची भोकं बघा, मग उलटं करून मातीचा गोळा बाहेर काढा. पिवळट-पांढरा, पेरापेरांचा दोर कडेने गोल गोल फिरलेला दिसला तर जमिनीत घालू नका. फोटो टाका, जात सांगतो.