कॅनन एम५० कॅमेरा सेकंडहँड घ्यावा की नवा आर५०?

व्हिडिओ करणार असाल तर आर५०, डोळे झाकून. एम५० (२०१८) फोर-केवर टाकला की चौकट आणखी कापतो, शिवाय ड्युअल पिक्सेल फोकसही (कॅननचा झटपट ऑटोफोकस) बंद. हात लांब करून स्वतःला शूट केलंत तर चेहऱ्यामागचं फारसं काही दिसतच नाही. आर५० (२०२३) सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो.

नुसते फोटो काढायचे असतील तर दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, भर उजेडात फरक शोधत बसाल. खरी मेख लेन्समध्ये आहे. एम५०चा ईएफ-एम माउंट (लेन्स बसवायची जोडणी) कॅननने गुंडाळलाय आणि त्या लेन्स आर५०ला बसत नाहीत. तरी २२ एमएम एफ/२ लेन्ससकट एम५० स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या, लेन्स झकास आहे. आणि हो, आर५०वर जुन्या फ्लॅशला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो.