डॉक्टरकी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एथिक्स एकत्र शिकवावं का?

एकत्र शिकवावं, पण सगळं नाही.

अनेकांचा मुद्दा असा असतो की दोन्हीकडचा अभ्यासक्रम जवळपास सारखा आहे, मग तास वेगळे कशाला? मी असे मिश्र वर्ग घेतो, आणि मला हे कारण सगळ्यात लंगडं वाटतं. बोशाम्प आणि चाइल्ड्रेस या नीतिशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली वैद्यकीय एथिक्सची चार तत्त्वं (स्वायत्तता, हित, अपाय टाळणं, न्याय) कुणीही कुठेही बसून शिकू शकतं. सगळ्यांना एका सभागृहात कोंबून ती सांगितली तर प्राध्यापकाचा एक तास वाचतो, बस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात एकत्र शिक्षणाची अट स्पष्ट आहे: एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणं.

अशा शिक्षणाची गरज कुठे आहे ते १९६६ च्या एका प्रयोगातून कळतं. चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या गटाने वॉर्डातल्या परिचारिकांना अनोळखी 'डॉक्टर'कडून फोन करवला: अमुक रुग्णाला 'अ‍ॅस्ट्रोटेन' २० मिलिग्रॅम द्या. डबीवर लिहिलं होतं, दिवसाला कमाल १० मिलिग्रॅम. २२ पैकी २१ जणी औषध द्यायला निघाल्या (अर्थात, त्यांना वाटेत थांबवलं). गंमत म्हणजे हाच प्रसंग इतर परिचारिकांना कागदावर दिला, तेव्हा बहुतेकींनी 'नाही देणार' असं सांगितलं. म्हणजे बरोबर काय ते माहीत असतं. अडतं ते डॉक्टरला 'थांबा' म्हणताना. नुसत्या नर्सिंगच्या वर्गात हे शिकवून अर्धंच काम होतं, कारण ते 'थांबा' ऐकून घ्यायची सवय समोरच्या वर्गाला लागायला हवी.

म्हणून मी एकच केस देतो आणि आधी प्रत्येकाकडून उत्तर लिहून घेतो, मगच चर्चा. उदाहरणार्थ, नातेवाईक म्हणतात, 'बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका.' वैद्यकीयचे विद्यार्थी बहुधा लिहितात की कुटुंबाचं समुपदेशन करू, रुग्णाला किती जाणून घ्यायचंय ते विचारू, योग्य वेळी सांगू. उत्तर चांगलंच आहे. पण नर्सिंगकडून प्रश्न येतो: रात्री दोन वाजता सलाईन बदलताना बाबांनीच विचारलं, 'सिस्टर, मला नक्की झालंय काय?', तर मी त्या क्षणी काय बोलू? तुमची योग्य वेळ उद्याच्या राउंडला, माझी आत्ता. इथून पुढचा तास आपोआप चालतो. न सांगण्याचा निर्णय एकाने घ्यायचा आणि तो रात्रभर निभवायचा दुसऱ्याने, हे डॉक्टर होणाऱ्यांपैकी अनेकांच्या तोवर ध्यानातच आलेलं नसतं.

उलट बाजूही निघते. योग्य काय ते कळतं पण व्यवस्थेमुळे करता येत नाही, या नैतिक घुसमटीबद्दल अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये लिहिलं ते नर्सिंगच्या संदर्भात. पण वरिष्ठांपुढे इंटर्नचीही तीच गत असते. 'ऑर्डर तुम्हीच लिहिता ना?' असं विचारणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदाच कळतं, आणि मग वर्गातला सूर जरा खाली येतो.

आता व्यवहाराचं. गट आठ-दहा जणांचा ठेवा. जोड्या वर्षानुसार लावू नका, वॉर्डचा अनुभव बघून लावा, कारण वॉर्डात रुळलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यासमोर नुकता शरीररचनाशास्त्र वाचणारा बसवला तर चर्चा होत नाही. दोन शिक्षक हवेत, दोन्हीकडचे एकेक. आणि नर्सिंगच्या मॅडम हजेरी घेताहेत, डॉक्टर बोलताहेत असं दिसलं की विद्यार्थी नेमकं तेच शिकतात. औषधांच्या नोंदी, शस्त्रक्रियेची संमती समजावणं असे आपापल्या कामाचे तपशील मात्र खुशाल वेगळे शिकवा.

वेळापत्रक जुळवणं हीच सगळ्यात मोठी डोकेदुखी, आधीच सांगून ठेवतो. आणि गुण द्या, दोघांनाही एकाच निकषावर. बिनगुणांच्या तासाला वैद्यकीयची अर्धी बाकं रिकामी असतात.