चौदा हेडचं यंत्र आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न: ओट्स, बिया आणि मनुका यांचं न्याहारीचं मिश्रण २०० ग्रॅमच्या झिप पाकिटांत भरून विकण्याचा आमचा छोटा घरगुती कारखाना आहे. वर्षाला ३०० दिवस, रोज १,५०० पाकिटं. पाच जण टेबलकाट्यावर हाताने भरतात. मोजून पाहिलं तर पाकिटामागे सरासरी २०७ ग्रॅम माल जातो. एका विक्रेत्याने १४ हेडचं (म्हणजे माल तोलणाऱ्या १४ बादल्यांचं) मल्टिहेड वजनयंत्र आणि रोलपासून पिशवी बनवणारं यंत्र असा संच सुचवला आहे. मिनिटाला ६० पाकिटं, सरासरी २०१ ग्रॅम. किंमत आमच्या साडेबारा टन कच्च्या मालाइतकी. त्याच्याकडे ४ हेडचं लिनिअर यंत्रही आहे, कंपनाच्या ट्रेवरून थेट तोलत माल सोडणारं, ते २,४०० किलोंच्या भावात पडतं, पण तो म्हणतो ते जुनं झालं. माझं वय ५२. निम्मे पैसे निवृत्तीच्या ठेवीतून आणि निम्मे कर्जातून उभे करावेत का?

उत्तर: निवृत्तीच्या ठेवीला हात लावू नका. आणि तो संचही आत्ता घेऊ नका. लिनिअरचं काय करायचं ते दोन आठवड्यांनी ठरवू, कारण त्याआधी एक फुकटचं काम करायचं आहे.

किंमत मालाच्या वजनात सांगितलीत हे फार छान केलंत. जास्त भरला जाणारा माल आणि यंत्राची किंमत एकाच मापात आली की विक्रेत्याची रंगीत पत्रकं आपोआप बाजूला पडतात. मीही किलोतच बोलतो.

विक्रेत्याचा हिशेब असा असणार: पाकिटामागे ६ ग्रॅम वाचले, वर्षाला साडेचार लाख पाकिटं, म्हणजे २,७०० किलो. साडेबारा टन भागिले २,७००, साधारण चार वर्षं आठ महिन्यांत यंत्र फुकट. व्याज आणि देखभाल धरली तर सहा वर्षांच्या आसपास. वाईट दिसत नाही. पण यातला २०७ हा आकडा मला खटकतो.

पहिली शंका बारदानाची. ते २०७ रिकामं पाकीट वजा करून आलेत ना? झिपचं उभं राहणारं पाकीट स्वतःच काही ग्रॅम भरतं. भरलेलं पाकीट उचलून तसंच काट्यावर ठेवलं असेल, तर तुमचं नुकसान अर्ध्याहून कमी निघेल किंवा निघणारही नाही. हसू नका, एका अशिलाकडे नेमकं हेच झालं होतं, आणि आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर ते आमच्या लक्षात आलं. दहा रिकामी पाकिटं एकदम तोला, दहाने भागा.

बारदान वजा केलेलंच आहे असं धरून पुढे जातो. मग ७ ग्रॅम जास्त का जातात? काट्याचा एक अंक किती ग्रॅमचा आहे ते बघा. टेबलकाटे बरेचदा ५ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतात. अशा काट्यावर १९७.५ ते २०२.५ यातलं काहीही ‘२००’ दिसतं. भरणारीला वजन कमी पडल्याबद्दल बोलणी खायची नसतात, म्हणून ती २०५ दिसेपर्यंत टाकते आणि वर अर्धा चमचा मनाच्या समाधानासाठी. तिचं काही चुकत नाही, काटाच तिला तसं करायला लावतो. १ ग्रॅमने दाखवणारे काटे आणा. त्यांचा खर्च त्या संचाच्या पासंगालाही पुरायचा नाही. सोबत रोज संध्याकाळी ५० पाकिटांची सरासरी फळ्यावर लिहा. माझा अंदाज, दोन आठवड्यांत २०४ च्या आसपास याल.

भीती कमी करायला नियमही माहीत असावा. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर ८७ ही शिफारस अशी: २०० ग्रॅमच्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंतची तूट चालते, पण तपासलेल्या मालाची सरासरी २०० च्या खाली नको, १९१ च्या खालची पाकिटं अडीच टक्क्यांहून जास्त नकोत आणि १८२ च्या खाली एकही नको. तुमच्या इथला कायदा याहून कडक असू शकतो, तो आधी वाचा. पण एखादं पाकीट १९८ भरलं म्हणून आभाळ कोसळत नाही, एवढं भरणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

आता हिशेब परत मांडा. सुरुवात २०४ पासून धरली तर संच वाचवतो ३ ग्रॅम, म्हणजे वर्षाला १,३५० किलो. साडेबारा टन फिटायला नऊ वर्षांहून जास्त लागतील, तेही व्याज न धरता. तोवर तुम्ही साठी ओलांडलेली असेल आणि यंत्रानेही बहुधा त्याची साठी गाठलेली असेल. काट्याने मिळणारी बचत विक्रेत्याने यंत्राच्या खात्यावर टाकली आहे, एवढाच खेळ आहे.

वेगाचं तर विचारूच नका. मिनिटाला ६० म्हणजे तुमची १,५०० पाकिटं २५ मिनिटांत संपली. उरलेला दिवस एवढं महागडं यंत्र काय करणार? आणि ते रोलपासून उशीच्या आकाराची पिशवी बनवतं, तुमचं झिप पाकीट नाही. गिऱ्हाईक ते पाकीट ओळखून उचलतं. छापून ठेवलेल्या पाकिटांचा साठा, वजनयंत्र वर चढवायला लागणारा मंच, छताची उंची, दाबाच्या हवेचा कॉम्प्रेसर, हे त्या साडेबारा टनांत धरलंय का, विचारा.

‘जुनं’ या शब्दाला भुलू नका. मल्टिहेड आलं कशासाठी? जपानच्या इशिदा कंपनीने १९७२ मध्ये ते काढलं ते ढोबळी मिरचीसाठी. एकेक मिरची जड आणि वेगळ्या वजनाची, अर्धी तोडून वजन जुळवता येत नाही. म्हणून प्रत्येक हेडमध्ये थोडा माल ठेवायचा आणि कुठल्या हेडांची बेरीज लक्ष्याच्या सर्वांत जवळ जाते ते यंत्राने शोधायचं. १४ हेड म्हणजे १६,३८३ जोडण्या. तुमच्या ओट्सला ही कसरत कशाला? ते धारेसारखे पडतात. लिनिअरमध्ये आधी जोरात आणि शेवटी थेंबथेंब माल सोडणारा कंपनाचा ट्रे असतो, त्याला असाच माल आवडतो.

लिनिअर सावकाश, मिनिटाला १५ धरलं तरी १०० मिनिटांत दिवसाचं काम होतं, आणि तुमचंच झिप पाकीट खाली धरता येतं. सरासरी २०२ वर आली तर २०४ च्या तुलनेत वर्षाला ९०० किलो, म्हणजे महिन्याला ७५. चार वर्षांच्या कर्जात मुद्दल महिन्याला ५० किलो. मधल्या २५ किलोत व्याज आणि दुरुस्ती बसवायची. बसत नसेल तर तेही नको. आणि ही सगळी रक्कम कर्जातूनच उचला, धंद्याच्या नावावर, यंत्र तारण ठेवून. धंदा बुडाला तर यंत्र जाईल, म्हातारपण जाणार नाही. ५२ व्या वर्षी ठेवीतून काढलेला पैसा परत भरायला हातात फार वर्षं नसतात.

विक्री रोज पाच हजारांच्या पुढे गेली की मल्टिहेडचा विषय पुन्हा काढा.

सही करण्याआधी विक्रेत्याकडे तुमचा स्वतःचा ५० किलो माल घेऊन जा, मनुकांसकट. मनुका बादलीच्या तळाला चिकटते, झडप उघडली तरी पडत नाही, आणि तिचं वजन पुढच्या पाकिटाच्या हिशेबात शिरतं. त्याच्याकडच्या कोरड्या नमुन्यावर हे कधीच दिसणार नाही. १०० पाकिटं भरून घ्या आणि घरून नेलेल्या काट्यावर तोला, बारदान वजा करून.