इनोउए चॅम्पियन असूनही सारखा वरच्या वजनगटात का जातो?

मेन कारण म्हणजे वजन उतरवणं. जपानी बॉक्सर नाओया इनोउएने 2014 मध्ये पहिलं वर्ल्ड टायटल घेतलं ते लाइट फ्लायवेटला, म्हणजे 108 पौंड, जेमतेम 49 किलो. तेव्हा तो 20 वर्षांचा होता, अंग भरत होतं, आणि दर फाइटच्या आधी शरीरातलं पाणी काढून काढून त्या आकड्यात बसायचं म्हणजे रिंगमध्ये पायात जीवच राहत नाही. म्हणून गड्याने मधला 112 पौंडांचा फ्लायवेट गट सरळ गाळूनच टाकला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 115 पौंडात तिथला चॅम्पियन ओमर नार्वाएझला दोनच राउंडमध्ये चार वेळा खाली पाडलं, आणि हा नार्वाएझ करिअरमध्ये तोपर्यंत एकदाही पडला नव्हता बरं का!

आता 108 ते 115 म्हणजे तीनच किलो, त्यात काय एवढं असं वाटेल. पण 50 किलोच्या माणसाला तीन किलो म्हणजे सहा टक्के, समोरच्याची उंची, रीच म्हणजे हाताची पोहोच, ठोसा सगळंच वाढतं.

पुढे 2018 ला बँटमवेट (118 पौंड), मग 2023 ला सुपर बँटमवेट (122 पौंड), आणि या दोन्ही गटांत चारही बेल्ट, म्हणजे बॉक्सिंगच्या चारही मोठ्या संघटनांची टायटल्स. खालच्या गटात तगडे प्रतिस्पर्धी उरत नाहीत हेही कारण आहेच, पैसाही वर जास्त. फक्त ठोसे खायची रिस्क वाढते, 2024 ला टोकियो डोममध्ये लुइस नेरीने पहिल्याच राउंडला त्याला खाली बसवलं होतं. सहाव्यात नेरीच गार झाला ते सोडा.